उबेला ठेवलेली बाटली

१

गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गुंडीला उचकी लागली. सगळं तिथून धरायचं. वेळ पक्की आहे, कारण तिला औषधाचे थेंब द्यायची वेळ झाली का म्हणून मी नुकतंच घड्याळाकडे बघितलं होतं.

गुंडी म्हणजे माझी मुलगी, चार महिन्यांची. झाली तेव्हा एवढीशी होती की तिचे बाबा म्हणाले, "ही तर शर्टाची गुंडी. बोटांतून निसटून पलंगाखाली जाईल." तेच नाव पडलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, माझ्या मात्र डोक्यात बसलं. ती झोपली की मी स्टीलच्या डब्याचं झाकण तिच्या नाकाशी धरायची. झाकणावर वाफ धरली की माझा जीव भांड्यात पडायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, भांडं कुठलं? तुझा जीव झाकणातच अडकलाय."

तर उचकी. सासूबाई खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "कुणीतरी आठवण काढतंय. बापच असणार. ट्रक चालवायचा सोडून लेकीची आठवण काढत बसलाय."

"आई, असं बोलू नका ना. रस्त्यावर असतात ते."

"बरं बाई. ट्रक बाजूला लावून आठवण काढतोय."

मी हसत पाळण्यावर वाकले. उशाशी, गुंडीच्याच जुन्या झबल्यात गुंडाळून, मी कामाला जाते त्या कारखान्यातली काचेची बाटली ठेवली होती. बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी आणि पाण्यावर नखाएवढी जाड पांढरी साय. गुंडीला उचकी आली आणि साय उडाली. पुन्हा आली, पुन्हा उडाली.

पाळणा हलतोय म्हटल्यावर बाटली हलणारच. मी बाटली उचलली आणि खिडकीपाशी उजेडात नेली. मागे पाळण्यात उचकी आली. माझ्या हातातल्या बाटलीत साय मधोमध टुणकन उडाली आणि खाली बसली. कडेचं पाणी जरासुद्धा हललं नव्हतं.

"माझाच हात हलला," मी मोठ्यानं म्हणाले.

"कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही, आई."

२

आमच्या कारखान्यात धुराचं कापड करतात. थाप वाटेल, पण खरं आहे. शेजारच्या भट्टीच्या धुराड्यातून एक वायू नळीनं आमच्याकडे येतो. आपण श्वास सोडताना जो बाहेर टाकतो तोच, कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात सोडतात. पाण्यात जिवाणू असतात, प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेले. ते वायू खातात आणि पसरट ट्रेमधल्या पाण्यावर साय धरतात. ती साय आम्ही बायका दोन्ही हातांनी उचलतो, फाटू न देता. मग धुवायची, गरम रुळांतून काढून वाळवायची. मऊ पांढरं दुपटं तयार होतं. तान्ह्या बाळांना गुंडाळायला.

आम्ही आधी त्यांना जंतू म्हणायचो. प्रयोगशाळेच्या मॅडमना ते खटकायचं. "जंतू नका हो म्हणू, बघायला येणारी माणसं घाबरतात." म्हणून आम्ही 'मंडळी' म्हणायला लागलो. सकाळी ट्रेवरची झाकणं उचलून विचारायचं, "काय मंडळी, जेवणं झाली का?"

त्या आठवड्यात बॉयलर दुरुस्तीला निघाला. बॉयलर बंद म्हणजे उबेची खोली गार, आणि गारठ्यात मंडळी मरतात. अशा वेळी मॅडम बीजाच्या बाटल्या आम्हां सायवाल्यांना घरी देतात. विरजण ठेवता तसं उबेला ठेवा, म्हणतात. ऊब अंगाएवढी हवी. तोंडाला कापसाचा बोळा असतो, तो काढून अधूनमधून दोन फुंकरा मारायच्या. श्वासातला वायू तेवढ्यानं पुरतो.

कुणी बाटली पोटाशी बांधते. माझ्या शेजारी काम करणारी, जिला आम्ही चष्मा म्हणतो, ती नवऱ्याच्या काखेत ठेवते. "तेवढाच काय तो उपयोग त्याचा," म्हणते.

माझ्या घरात अंगाएवढी ऊब सतत असते अशी जागा एकच, गुंडीचा पाळणा. तिथे फुंकर मारायचीसुद्धा आठवण ठेवायला नको. तिचा श्वास आपोआप पोचतो. माझं मलाच कौतुक वाटलं. बाटली तिच्या उशाशी ठेवली आणि निवांत कामाला लागले.

३

उचकी थांबल्यावर बाटली मी पाळण्यात परत ठेवली नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर, कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी केली. मध्ये भिंत आहे. भिंतीपलीकडच्या पाळण्यानं इथलं पाणी हलत नाही, एवढं मला सातवीपर्यंतच्या शिक्षणावरही कळतं.

साय वर येत होती, खाली जात होती. सावकाश.

दाराच्या चौकटीत उभं राहिलं की आमच्या दोन्ही खोल्या दिसतात. डावीकडे पाळणा, उजवीकडे ओटा. मी तिथे उभी राहिले. गुंडीचं पोट वर गेलं, साय खाली. पोट खाली बसलं, साय वर आली. एक सोडत होती, दुसरी घेत होती.

योगायोग असतो. दोन घड्याळंसुद्धा कधीकधी एकत्र टिकटिकतात. मी असं म्हणत होते, तेवढ्यात गुंडीनं झोपेत एक मोठा श्वास घेतला आणि तान्ही मुलं सोडतात तसा तीन तुकड्यांत सोडला. ओट्यावर साय तीन पायऱ्यांनी वर चढली.

मी झाकण घेऊन धावले. तिच्या नाकाशी धरलं. वाफ आली, पण पुसट, कडेकडेनं. झाकण तापलेलं असेल. उन्हात वाळत घातलं होतं ना.

सासूबाईंना बोलावून बाटली दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "दुधावरची साय नाही का हलत?"

"आई, हे दूध नाही. उकळतही नाहीये."

"चार महिने धड झोप नाही तुला. झोप नसली की भिंतीसुद्धा हलतात. जा, पड जरा. मी आहे."

त्या मायेनं बोलल्या, म्हणून मी आडवी झाले आणि डोळा लागला. उठले तर बाटली पुन्हा पाळण्यात होती, गुंडीच्या गालाला टेकून.

"पातेलं गार झालं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या कामाची वस्तू. मेलं-बिलं काही तर तुला बोलणी बसायची."

साय बोटभर जाड झाली होती. काचेच्या ज्या बाजूला गुंडीचं तोंड होतं, त्या बाजूला सगळी झुकून बसली होती.

४

बॉयलर सुरू झाला तशा आम्ही बाटल्या घेऊन कारखान्यात गेलो. इतरांच्या बाटल्यांत साय कागदासारखी पातळ. चष्माच्या बाटलीत तर धरलीच नव्हती. "काख बदलायला हवी," ती म्हणाली.

माझी बाटली मॅडमनी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा फुलला. "काय खायला घातलंस गं?"

"मॅडम, ती हलते."

"वायू सुटतो. बुडबुडा आला की हलणारच."

"बाळाबरोबर हलते. माझ्या बाळाच्या श्वासाबरोबर."

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी बाटली खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझा मुलगा लहान होता तेव्हा मला नळाच्या पाण्यातून रडणं ऐकू यायचं. होतं असं. सगळ्या आयांना होतं." मग त्यांनी सगळ्या ट्रेंमध्ये माझ्याच बाटलीतलं बीज सोडायला सांगितलं. बाकीच्या बाटल्या ओतून टाकल्या.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. बाटली घरातून गेली होती. आता ती असेना का कुठेही.

५

त्यानंतर गुंडी रडायची थांबली.

म्हणजे तोंड उघडायची, लाल व्हायची, हातपाय झाडायची. आवाज नाही. आत घेतलेला श्वास कुठे जायचा कळायचं नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. मी तिच्या तोंडाकडे बघून पाजायला लागले. पण छातीशी घेतलं की दूध उतरायचं नाही. ती ओढायची, दमायची, सोडून द्यायची. झाकण कोरडं राहायला लागलं. मी दुसरं झाकण घेतलं, आरसा घेतला, चमचा घेतला. सगळं कोरडं, लख्ख.

शेजारणी म्हणाल्या, काय गुणी पोर आहे, घरात मूल आहे असं वाटतच नाही.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली, वजन केलं. "उत्तम आहे. दोन्ही बाजूंनी हवा जातेय."

"जातेय, डॉक्टर. पण येतेय का?"

ते हसले. "गेलेली येणारच की."

"तिच्या नाकापुढे हात धरून बघा ना."

त्यांनी धरला. थोडा वेळ धरून ठेवला. हसू जरासं कमी झालं. मग खोलीतला पंखा बंद केला, पुन्हा धरला. शेवटी हात रुमालाला पुसत म्हणाले, "माझे हात गार असतात, मला समजत नाही. बाळ छान आहे. झोप मात्र तुम्हाला हवी." आणि गोळ्या मला लिहून दिल्या.

 बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना सासूबाईंनी माझा दंड धरला. "त्यानं पंखा का गं बंद केला?"

फोनवर मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "फोन तिच्या तोंडाशी धर." मी धरला. पलीकडून ते "गुंडे, ए गुंडे" म्हणत राहिले. मग म्हणाले, "लाइन कट झाली वाटतं." लाइन चालू होती.

६

ट्रेघर लांबलचक आहे. दोन्ही बाजूंना ट्रे, मध्ये आमची चालायची वाट, वर पांढऱ्या नळ्या. एरवी तिथे पंपाचा आवाज असतो. त्या दिवशी मी शिरले तर पंप नुकताच बंद केला होता आणि तरी आवाज होता. झोपलेल्या घरात श्वासांचा असतो तसा.

चष्मा हातमोजे घालत होती. "कुणी पोरं आणलीत का आज कामावर?"

"का?"

"मघापासून कुरकुर ऐकू येतेय. भूक लागल्यावर करतात तशी. माझ्या धाकट्याची आठवण झाली."

तेवढ्यात माझं पोलकं भिजलं. दोन्ही बाजूंनी, आवरता येईना इतकं. घरी लेक छातीशी तळमळते तेव्हा एक थेंब नाही, आणि इथे, पाण्यानं भरलेल्या ट्रेंमध्ये उभी राहून दूध खाली वाहतंय. ज्या बाईनं अंगावर पाजलंय तिला हे समजावून सांगायला नको. आपलं मूल रडलं की मन ओळखायच्या आधी अंग ओळखतं.

मी पहिल्या ट्रेचं झाकण उचललं. साय वर आली, खाली गेली. दुसरं उचललं. तिसरं. सगळ्या एकाच लयीत. पंप बंद होता, नळीतून वायू येत नव्हता, बुडबुडा एकही नव्हता.

दूध मनगटावरून ओघळून एक थेंब ट्रेमध्ये पडला. तो जिथे पडला तिथे साय पातळ झाली, गोल झाली. एवढीशी जागा, गुंडीएवढी. ती उघडली आणि मिटली. उघडली आणि मिटली. कडेला, वरच्या ओठावर गुंडीला चोखून चोखून जो फोड येतो, तसा एक बारीक उंचवटा होता.

मी झाकण टाकलं. झाकणाचा आवाज झाला आणि ट्रेघरातल्या सगळ्या साया एकदम दचकल्या.

"काय झालं?" चष्मानं विचारलं. तिचं लक्ष माझ्या पोलक्याकडे गेलं. "अगं बाई. जा घरी, पाज लेकराला."

कुठल्या लेकराला, हे मला तोंडातून काढवेना.

७

मी मॅडमना गाठलं. म्हटलं, ही साय रुळांतून काढू नका. मला परत द्या. सगळी द्या, बाटलीभर द्या, पण वाळवू नका.

"तुला रजा हवी आहे का?" त्यांनी हळू विचारलं.

"एक दिवस थांबा. नुसता एक दिवस, मॅडम. पाया पडते."

"ह्या मालाची गाडी उद्या सुटतेय. बारा जणींचं पोट आहे त्यावर. तू बस जरा, पाणी पी."

रूळ तापवायला घेतल्याचा वास आला. धुतलेली पहिली साय त्यांत गेली. तिचा आवाज मी सांगणार नाही.

लगेच फोन वाजला. सासूबाई. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय आहे, त्या दिवशी मात्र कुजबुजत होत्या. "तापलीय गं. तव्यासारखी तापलीय. तू ये."

मी शेवटच्या ट्रेमधली साय उचलली, बादलीत घातली आणि धावले. मागून कुणी हाक मारली, कुणी नाही, माहीत नाही. बादली हिंदकळत होती आणि आतलं ते धापा टाकत होतं, माझ्याबरोबर, माझ्याहून जोरात. मी धावता धावता म्हणत होते, आलो गं, आलो, दोघी आलो.

माझा हिशोब साधा होता. जे घेतलंय ते देता येत असेल. विरजणातून दूध परत मिळत नाही, हे मला माहीत होतं. माझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? तरी धावले.

सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं होतं. "आता निवलीय," म्हणाल्या. "आत्ताच निवली. झोपलीय."

मी झाकण घेतलं. नाकाशी धरलं. कोरडं होतं. पण ते किती दिवस कोरडंच होतं. म्हणून नक्की कधी, ते मला कधीच कळणार नाही. मी तिचा अख्खा जन्म त्या झाकणाकडे डोळे लावून बसले होते आणि वेळेवर त्यानं मला काही सांगितलं नाही.

मी साय बादलीतून काढली आणि तिच्या छातीवर पसरली, हनुवटीपर्यंत. दोन्ही हातांनी, फाटू न देता. वाट बघितली.

"काय करतेस हे?" सासूबाई रडत म्हणाल्या.

उचकी आली.

सासूबाईंनी तोंडावर हात नेला. पुन्हा आली. स्पष्ट, तिचीच, शेवटी बारीक आवाज होणारी. साय मधोमध उडाली आणि खाली बसली.

गुंडी नाही उडाली.

८

हे मी आता, ते घर सोडून, सासूबाईंच्या भावाकडे बसून लिहिते आहे. ह्यांनी ट्रक सोडला. ते माझ्याशी बोलतात, पण बाटलीविषयी नाही. सासूबाई म्हणतात, "मीच ती परत पाळण्यात ठेवली." मी म्हणते, "पहिल्यांदा मी ठेवली." आम्ही दोघी एवढ्यावरच भांडतो, रोज, स्वयंपाक करता करता, दोघींनाही आपलंच खरं करायचं असतं.

माझ्याकडची साय वाळली. कपाटात आहे. अंगाची ऊब आणि कुणाचा श्वास मिळाला की ती मऊ होते आणि वर-खाली होऊ लागते. मी तिच्याशेजारी झोपते. सकाळी मला दम लागलेला असतो. लागू दे.

बाकीच्या सायांची दुपटी झाली, पुड्यांत भरली, गाडी वेळेवर सुटली. ती कुठे कुठे गेली मला माहीत नाही. मॅडमना बीज इतकं आवडलं की अजून तेच वापरतात, असं चष्मा फोनवर म्हणाली. ती आता सायवाली नाही. पंप बंद झाला की तिला ट्रेघरात थांबवेना.

म्हणून ज्यांना ज्यांना हे मिळेल त्यांना हात जोडून सांगते. घरात बाळासाठी आणलेलं असं पांढरं, नको इतकं मऊ दुपटं असेल, तर ते बाळाजवळून आज काढा. आत्ता काढा. आणि बाळाच्या नाकाशी झाकण धरून बघा. लोक हसतील. हसू द्या.

पण दुपटं जाळू नका. घट्ट घडी करून दडपू नका, वर जड काही ठेवू नका. खिडकीपाशी मोकळं टाका. ते कुरकुरायला लागलं तर लांबूनच एक फुंकर मारा, ती गप्प होते. आणि एखाद्या दुपारी त्याला उचकी लागली तर घाबरू नका. तिची आई आठवण काढते आहे.

एवढं शेजारणीला सांगा. जिच्या घरी पाळणा हलतोय तिला आधी सांगा. माझा आवाज सगळ्या घरांत पोचत नाही, तुम्ही पुढे सांगा.